मृत वन्यजीव आढळल्यास : आधी अंतर, मग नोंद, शेवटी विल्हेवाट

घराच्या आवारात, गोठ्यामागे, काजूच्या बागेत किंवा गच्चीवर एखादा पक्षी अथवा प्राणी मरून पडलेला दिसला, की बहुधा दोनच गोष्टी घडतात. एक तर कोणीतरी त्याला शेपटीला धरून कुंपणापलीकडे भिरकावतो, नाही तर दुर्गंधी सुटेपर्यंत त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. दोन्ही वागण्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे मेलेला प्राणी ही केवळ घाण आहे. कीटकशास्त्राचा अनुभव वेगळा आहे. प्राणी मेला तरी त्याच्या अंगावरील गोचिडी, पिसवा आणि सूक्ष्म कोळी जिवंत असतात. यजमानाचे शरीर गार पडू लागले, की हे परजीवी त्याला सोडून नव्या उबदार शरीराच्या शोधात निघतात. त्याच वेळी तो मृत्यू ही एक वार्ताही असते. परिसरात रोग शिरला आहे की विषप्रयोग झाला आहे, हे माणसाच्या आधी वन्यजीवांच्या मृत्यूतून कळू शकते. ती वार्ता योग्य ठिकाणी पोहोचण्यापूर्वीच मृतदेह पुरून टाकला, तर पुढचा रुग्ण हीच पहिली सूचना ठरते.

वस्ती बदलली तरी प्रश्न तोच

बंगळुरूच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी ही काही दशकांपूर्वीपर्यंत गावाच्या वळणाची वस्ती होती. आज तेथे बाह्य वर्तुळाकार मार्ग, उंच निवासी संकुले आणि संगणक कंपन्यांची कार्यालये आहेत. महाराष्ट्रातून आलेली अनेक कुटुंबेही येथे स्थिरावली आहेत. मात्र बेळ्ळंदूर आणि वर्तूर हे तलाव जवळच आहेत, जुनी झाडे आणि मोकळे भूखंड पूर्णपणे संपलेले नाहीत. त्यामुळे कबुतरे, घारी, वटवाघळे, घुशी, साप आणि क्वचित उदमांजर यांचा वावर माणसांच्या शेजारीच असतो. वातानुकूलन यंत्रामागे मेलेले कबुतर, छताच्या पोकळीत मेलेला उंदीर, वाहनतळात मरून पडलेली घार, अशा प्रसंगी काय करावे, हा प्रश्न येथील रहिवासी वारंवार विचारतात.

यांपैकी छतातील उंदराचे उदाहरण समजून घेण्याजोगे आहे. निळ्या-हिरव्या चकाकीच्या मांसमाश्या मृतदेहाचा वास काही तासांतच हेरतात आणि त्यावर अंडी घालतात. उष्ण हवामानात साधारण एका दिवसात अळ्या बाहेर पडतात. काही दिवस खाऊन पुष्ट झाल्यावर त्या कोषात जाण्यासाठी कोरडी जागा शोधत निघतात. छताच्या फटीतून अळ्या खाली पडू लागतात, ती हीच वेळ. त्यानंतर साधारण आठवडाभराने खिडकीच्या काचेवर अचानक माश्यांची गर्दी दिसते. घरात वारंवार कीटकनाशक फवारूनही ती हटत नाही, कारण उगम तसाच राहिलेला असतो. मृतदेह काढला आणि जागा स्वच्छ केली, की माश्या आपोआप थांबतात. कबुतराच्या बाबतीत धोका घरट्याचा असतो. पक्षी मेल्यावर किंवा उडून गेल्यावर घरट्यातील रक्तशोषक कोळी भुकेने खिडकीवाटे घरात शिरतात आणि माणसांना चावतात. म्हणून पक्ष्यासोबत घरटेही काढणे आवश्यक ठरते. वाळलेली विष्ठा मात्र कधीही कोरडी झाडू नये. तिच्या धुळीतून बुरशीजन्य व जिवाणूजन्य श्वसनविकार होऊ शकतात. आधी निर्जंतुक द्रावणाने ती भिजवावी, मग खरवडावी.

हे घरगुती पातळीचे उपद्रव आहेत. काही मृत्यू मात्र संपूर्ण गावाला इशारा देणारे असतात. सुट्टीत याच कुटुंबांची पावले कोकणातील, गोव्यातील किंवा सीमाभागातील आपल्या गावांकडे वळतात, तेव्हा हा फरक ठाऊक असणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

उंदीर पडणे : जुना पण न विसरण्याचा धडा

‘उंदीर पडणे’ हा शब्दप्रयोग मराठीत प्लेगच्या काळाने रूढ केला. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९८ मध्ये हा रोग बंगळुरूतही शिरला. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या मोकळ्या वसाहतींच्या वाढीमागे त्या साथीचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्यकाने कराचीत केलेल्या प्रयोगांतून उंदरावरील पिसू हीच रोगवाहक असल्याचे मांडले. नुकताच मेलेला उंदीर हाताळणारे आजारी पडतात, परंतु मरून बराच काळ लोटलेला उंदीर उचलणाऱ्यांना सहसा काही होत नाही, हे निरीक्षण त्याला या निष्कर्षाकडे घेऊन गेले. गार पडलेल्या उंदरावर पिसवा उरलेल्याच नसतात, हे त्याचे कारण. पुढे मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनाने पिसूची ही भूमिका पक्की झाली.

हा धडा केवळ इतिहासाचा नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर वर्ष पूर्ण होण्याच्या सुमारास, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावी उंदीर मरू लागले आणि पिसवांचा त्रास वाढल्याच्या तक्रारी आल्या. त्यापाठोपाठ गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. यातून दोन नियम निघतात. पहिला, विष न घालताही एकाच परिसरात बरेच उंदीर मरून पडत असतील, तर आरोग्य केंद्राला तात्काळ कळवावे. दुसरा, अशा ठिकाणी आधी पिसवांचा बंदोबस्त करावा आणि नंतरच उंदीर मारण्याची मोहीम हाती घ्यावी. क्रम उलटला, तर यजमान गमावलेल्या पिसवा माणसांकडे वळतात.

माकड मेले, तर बागेत जाणे थांबवा

आपल्या वाचकांच्या दृष्टीने आज सर्वांत निकडीचा विषय माकडतापाचा आहे. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिवमोग्गा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, या नव्या विषाणूचा शोध लावला. रोगाला ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ हे नाव त्या जंगलावरून मिळाले. त्यानंतर हा रोग पश्चिम घाटाच्या रांगेने पसरत गेला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आणि पुढच्या हंगामात सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात त्याचे रुग्ण आढळले. काहींना प्राणही गमवावे लागले. रुग्णांमध्ये काजूच्या बागांत काम करणाऱ्यांचा भरणा होता.

या रोगाची साखळी समजली, की खबरदारीचे कारण उमगते. मुख्य वाहक गोचीड हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही आपल्या आयुष्यात तीन यजमान बदलते. तिची डिंभके उंदीर, चिचुंद्री यांसारख्या लहान प्राण्यांवर आणि पक्ष्यांवर पोसतात, मधली अवस्था माकडांवर व माणसांवर चढते, तर प्रौढ गोचीड गुरांवर जगते. गुरांना या रोगाची बाधा होत नाही, परंतु जंगलात चरणाऱ्या गुरांमुळे गोचिडींची संख्या वाढते. मधल्या अवस्थेतील गोचिडी सुमारे डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत सर्वाधिक असतात. त्या खसखशीच्या दाण्याहून फार मोठ्या नसतात, त्यामुळे चावल्याचे लक्षातही येत नाही. काजू वेचण्याचा, पातेरा गोळा करण्याचा आणि सरपण आणण्याचा हंगामही नेमका हाच.

काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड या दोन्ही जाती या विषाणूला बळी पडतात. माकड मेले, की त्याच्या अंगावरील संसर्गित गोचिडी तेथेच पातेऱ्यात उतरतात. ती जागा त्यानंतर कित्येक दिवस धोक्याची राहते. मृत माकड दिसेनासे झाले म्हणून जागा निर्धोक होत नाही, हे विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावे. मृत माकड आढळल्यास त्याच्या जवळ जाऊ नये, ते ओढू नये आणि स्वतःहून पुरू नये. वन विभाग, पशुसंवर्धन विभाग आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांना त्याच दिवशी कळवावे. प्रशिक्षित पथक संरक्षक पोशाख घालून नमुने घेते, मृतदेह जाळून नष्ट करते आणि भोवतालच्या जमिनीवर गोचीडनाशक भुकटी धुरळते. तोवर त्या भागातील बागकाम थांबवणे आणि गुरे तिकडे न सोडणे हे शेतकऱ्याच्या हाती असते.

बागेत जाणे अपरिहार्यच असेल, तर पूर्ण बाह्यांचा अंगरखा घालावा, पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत, गमबूट वापरावेत आणि उघड्या त्वचेला आरोग्य विभागाकडून मिळणारे डेपा हे प्रतिकारक तेल लावावे. घरी परतताच कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने अंघोळ करावी आणि काखा, जांघा, गुडघ्याची मागची बाजू व कानामागची जागा तपासावी. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढावी. ती बोटांनी चिरडू नये, तिच्यावर रॉकेल ओतू नये किंवा तिला चटका देऊ नये. त्यानंतर साधारण आठवडाभरात अचानक तीव्र ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाल्यास बागेत गेल्याची व माकड मेल्याची माहिती डॉक्टरांना स्वतःहून द्यावी. या रोगात उपचार लक्षणांनुसार होतात, म्हणून वेळेवर दाखल होण्याला महत्त्व आहे. माणसाकडून माणसाला हा रोग पसरत नाही. त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

कावळे आणि पाणपक्षी

भारतातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी कोंबड्या मेल्या. त्याच सुमारास ठाणे आणि दापोली येथील मृत पक्ष्यांतही हा विषाणू आढळला. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले आणि तपासणीत बर्ड फ्लू निष्पन्न झाला. त्याच महिन्यात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील वाघ व बिबट्याच्या मृत्यूमागेही हाच विषाणू असल्याचे समोर आले. म्हणजे हा रोग आता केवळ कुक्कुटपालकांचा राहिलेला नाही.

एखादा पक्षी मांजाने, काचेवर आपटून किंवा विजेच्या तारेने मरतो. शहरात असे मृत्यू नेहमीचे आहेत. परंतु एकाच परिसरात दोन-चार दिवसांत अनेक कावळे, बगळे किंवा बदके मेली, तर पशुसंवर्धन विभागाला कळवावे. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. पथक येईपर्यंत परसातील कोंबड्या बंदिस्त ठेवाव्यात आणि मृत पक्ष्यापर्यंत कुत्री-मांजरे पोहोचणार नाहीत असे पाहावे. मृत पक्षी पाण्याच्या स्रोतात टाकू नये, त्याचे मांस खाऊ नये. शिजवलेल्या मांस-अंड्यांबद्दल मात्र भीती पसरवू नये. नीट शिजवल्याने हा विषाणू नष्ट होतो.

विषाने झालेले मृत्यू

शेताच्या बांधावर मेलेल्या घुबडाचा किंवा मोराचा संबंध पुष्कळदा आपल्याच उपाययोजनेशी असतो. उंदरांसाठी वापरले जाणारे झिंक फॉस्फाइड पोटातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फिन वायू तयार करते. असा उंदीर खाणारे कुत्रे किंवा मांजर आजारी पडू शकते. त्याचे पोट फोडून पाहणेही धोक्याचे असते. ब्रोमाडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी विषे उंदराच्या यकृतात टिकतात आणि त्याला खाणाऱ्या घुबडाच्या वा घारीच्या शरीरात साठत जातात. गव्हाणी घुबड हे उंदरांचे नैसर्गिक नियंत्रक आहे. ते मेले, तर पुढच्या हंगामात उंदीर वाढतात आणि विषाचा खर्चही वाढतो. म्हणून आमिष ठेवल्यावर दररोज पहाटे मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरणे हा उंदीर नियंत्रणाचाच अविभाज्य भाग मानावा. बीजप्रक्रिया केलेले दाणे जमिनीवर सांडलेले ठेवू नयेत. पक्षी विषाने मेल्याची शंका असेल, तर कोणते औषध, कधी व किती वापरले, याची प्रामाणिक माहिती पशुवैद्यकाला द्यावी.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित वन्यप्राणी मेल्यावरही शासनाची मालमत्ता असतो. कलम ३९ प्रमाणे असा प्राणी किंवा त्याचा अवयव ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास अथवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. मोर, उदमांजर, घोरपड, खवले मांजर किंवा बिबट्या यांचा मृतदेह परस्पर पुरणे, नखे वा कातडे काढून घेणे अडचणीत आणणारे ठरते. महाराष्ट्रात वन विभागासाठी १९२६ आणि पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत.

सापाबाबत एक स्वतंत्र सूचना. मेलेल्या किंवा डोके तुटलेल्या विषारी सापाचा जबडा प्रतिक्षिप्त क्रियेने काही काळ चावू शकतो. मेलेला साप हाताने उचलू नये, लांब काठीने किंवा फावड्याने हलवावा. कोल्हा, मुंगूस किंवा भटके कुत्रे चावून नंतर मेले असेल, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तपासणीची वाट न पाहता रेबीजची लस सुरू करावी. रेबीजच्या निदानासाठी मेंदूची तपासणी लागते. म्हणून अशा प्राण्याचा मृतदेह पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय नष्ट करू नये.

लहान मृतदेहाची सुरक्षित विल्हेवाट

वरीलपैकी कोणताही इशारा नसेल आणि एखादा उंदीर, कबुतर किंवा चिमणी मेलेली असेल, तर पुढील क्रम पाळावा.

१. मुले व पाळीव प्राणी दूर ठेवावेत. मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे.

२. रबरी हातमोजे, मुखपट्टी आणि बंद पादत्राणे घालावीत. हातावर जखम असल्यास हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

३. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर मिसळून द्रावण करावे. मृतदेह व भोवतालची जागा त्याने भिजवावी. या द्रावणात आम्लयुक्त शौचालय-स्वच्छक मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. उंदीर झिंक फॉस्फाइडने मेला असण्याची शक्यता असल्यास खिडक्या उघडून जागा हवेशीर करावी आणि मगच हात घालावा.

४. लांब दांड्याच्या चिमट्याने किंवा फावड्याने मृतदेह जाड पिशवीत घालावा, तोंड बांधून ती दुसऱ्या पिशवीत ठेवावी.

५. गावात असल्यास मृतदेह पिशवीतून खड्ड्यात सोडावा. खड्डा किमान तीन फूट खोल, विहीर, ओढा व कूपनलिका यांपासून दूर असावा. वर चुना व माती दाबून दगड ठेवावा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. शहरात महापालिकेच्या आरोग्य किंवा स्वच्छता विभागाला कळवावे.

६. जागेवर पुन्हा द्रावण ओतून अर्धा तास ठेवावे. फटी व भेगांमध्ये पिसवांसाठी शिफारस केलेले कीटकनाशक वापरावे. हातमोजे उलटे काढून टाकावेत आणि हात साबणाने धुवावेत.

मृतदेह ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. बंगळुरूत ज्यांना पौरकार्मिक म्हणतात आणि आपल्याकडे सफाई कामगार, त्यांचे हात त्या डब्यात आपल्या नंतर जातात. मृतदेह ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकणे म्हणजे आपला धोका शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे होय.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे

प्रत्येक गावात एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, जागा, प्राण्याची जात, संख्या, आसपास वापरलेली औषधे आणि कोणाला कळवले, एवढ्या सहा गोष्टी लिहाव्यात. एकेकट्या नोंदीला फारसा अर्थ नसतो. परंतु पंधरा दिवसांत त्याच रानात तिसरे माकड किंवा त्याच तळ्याकाठी दहावा कावळा नोंदला गेला, तर वहीच धोका दाखवून देते. सिंधुदुर्ग, गोवा, बेळगाव आणि कोल्हापूरच्या घाटालगतच्या गावांत ही वही काजूचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे नोव्हेंबरअखेर तयार असावी. बागायतदार, गुराखी, वनमजूर आणि आशा कार्यकर्ती यांना कोणाला फोन करायचा, हे त्याआधीच ठाऊक असावे. मृत माकडाची खबर त्याच दिवशी पोहोचली, तर गोचीडनाशक धुरळणी काजू वेचणाऱ्यांच्या आधी बागेत पोहोचते.